पिकअपच्या मागच्या काचेतून पाणी येते तेव्हा

पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो-पिकअपच्या स्टँडवर एक तक्रार हमखास ऐकू येते. रात्रभर गाडी दाराशी उभी होती, दोन्ही काचा वर होत्या, तरी सीटची पाठ ओली, खालची मॅट चिंब आणि केबिनमध्ये कुबट वास. मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात पाण्याचा ओघळ दिसतो. मग कोणीतरी म्हणतो, "भाऊ, सिलिकॉन मार, काम खलास." हार्डवेअरच्या दुकानातून ट्यूब येते, काचेच्या चारी बाजूंनी ती बोटाने फासली जाते आणि गाडी भाड्याला निघते. आठ-पंधरा दिवसांत पाणी पुन्हा येते, आणि कधी कधी आधीपेक्षा जास्त येते.

जास्त का येते याला कारण आहे, ते पुढे सांगतो. आधी एवढेच लक्षात घ्यावे की गळती बंद करण्याचे काम पुष्कळदा तासा-दोन तासांचे असते, पण पाणी नेमके कोठून शिरते हे शोधल्याशिवाय त्या दोन तासांचा काही उपयोग होत नाही. बहुतेक ठिकाणी उलटे चालते. ट्यूब आधी येते. शोध नंतर लागतो किंवा लागतच नाही.

प्रश्न नुसत्या ओल्या सीटचा असता तर त्यावर एवढी शाई खर्च करायचे कारण नव्हते. १९८६ साली टाटा ४०७ रस्त्यावर आली, २००५ साली टाटा एस आली, जिला आपण सगळे छोटा हत्ती म्हणतो. भाजी, दूध, पाण्याचे जार, सिमेंट, मंडपाचे सामान, भाडेकरूंचे बिऱ्हाड, काय काय वाहून या छोट्या मालवाहू गाड्यांनी किती घरांची चूल पेटती ठेवली आहे! गाडी बहुधा कर्जावर घेतलेली असते. कर्ज फिटेपर्यंत तर ती चाललीच पाहिजे, आणि हातात खरी कमाई राहू लागते ती कर्ज फिटल्यानंतर. नेमके त्याच सुमाराला, चार-पाच पावसाळे मॅटखाली मुरलेले पाणी आपला हिशेब मागायला येते.

ते कसे, तेही सांगितले पाहिजे. केबिनच्या तळाला रबरी मॅट असते आणि पुष्कळ गाड्यांत तिच्याखाली नमद्याचा किंवा फोमचा थर असतो. हा थर पाणी पितो आणि सोडत नाही. वरून मॅट कोरडी दिसते. खाली पत्रा महिनोन्‌महिने ओला राहतो आणि आतून गंजत जातो. बाहेरून रंग शाबूत असल्यामुळे मालकाला पत्ता नसतो. एक दिवस पाय ठेवल्यावर तळ दबतो, नाहीतर सीटचा बोल्ट हलू लागतो. वायरिंगचे जोड हिरवे पडतात, मग कधी इंडिकेटर लागत नाही, कधी हॉर्न वाजत नाही, आणि इलेक्ट्रिशियनकडे फेऱ्या सुरू होतात. रात्रीच्या पावसात काचा आतून धुरकटतात, कारण मॅटखालची ओल वाफ होऊन थंड काचेवर बसते. ड्रायव्हर एका हाताने फडके फिरवतो आणि दुसऱ्या हाताने स्टेअरिंग धरतो. घाटात हे किती धोक्याचे आहे ते ज्यांनी अनुभवले आहे त्यांना सांगायला नको. त्यात मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेसचा दाखला घ्यावा लागतो. तळ सडलेली गाडी घेऊन तिथे उभे राहणे म्हणजे भाड्याचे दिवस बुडवणे आले.

पाणी दिसते एकीकडे, शिरते दुसरीकडे

पाणी पत्र्याला चिकटून चालते. छताच्या पत्र्याच्या आतल्या अंगाने ते हातभर लांब जाते, छताच्या अस्तरामागून उतरते आणि जिथे उतार संपतो तिथे टपकते. केबिनच्या मागच्या भिंतीत हा उतार बहुधा काचेच्या चौकटीपाशी संपतो. म्हणून संशय दरवेळी काचेवर जातो आणि बिचारी काच नाहक बदनाम होते. खरा चोर वरती बसलेला असू शकतो: छतावर सामानासाठी कॅरिअर बसवताना पाडलेली भोके, छत आणि मागची भिंत जिथे जुळते त्या सांध्यातला तडकलेला मसाला, मागच्या काचेला संरक्षण म्हणून लावलेल्या लोखंडी जाळीचे स्क्रू, रेडिओच्या एरिअलचे बूड, छताच्या कडेला हौसेने लावलेले रंगीत दिवे. प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला एक दार आहे, आणि भोक पाडणाऱ्याने रबरी वायसर घातला नसेल तर ते दार सताड उघडे आहे.

यासंबंधी अमेरिकेतल्या पिकअपचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. तिकडे मागच्या भिंतीला सरकती काच असलेल्या पिकअप पुष्कळ असतात. १९९४ च्या मॉडेलपासून तिकडे अशा हलक्या मालवाहू गाड्यांना मागे उंचावर तिसरा ब्रेक-दिवा सक्तीचा झाला आणि तो बहुतेक पिकअपना मागच्या काचेच्या अगदी वर, छताच्या कडेला बसवला जातो. या दिव्यामागचे फोमचे गॅस्केट काही वर्षांनी दबते आणि चुरते. पाणी तिथून आत येते, काचेच्या वरच्या कडेवरून खाली ओघळते, आणि मालक काच बदलायला निघतो. काच नवी आली तरी सीट ओलीच! आपल्याकडेही ज्या पिकअपला असा वरचा दिवा आहे, त्यांनी काचेला हात लावण्याआधी दिव्याचे दोन स्क्रू काढून गॅस्केट पाहावे.

आपल्या गाड्यांत आणखी एक भानगड आहे, ती म्हणजे ताडपत्री. माल भरून ताडपत्री बांधताना तिचे पुढचे टोक केबिनच्या छतावर किंवा हौद्याच्या पुढच्या फळीवर येते. दोर सैल असला की तिथे झोळी पडते, झोळीत बादलीभर पाणी साठते, आणि पहिल्या गतिरोधकाला ते सगळे एका दमात केबिनच्या पाठीवर ओतले जाते. कोणत्याही काचेचे रबर पावसाच्या सरीसाठी बनवलेले असते. बादलीच्या माऱ्यासाठी ते बनवलेले नसते. ज्यांची गाडी रिकामी असताना गळत नाही आणि भरलेली असतानाच गळते, त्यांनी आधी ताडपत्रीच्या बांधणीकडे पाहावे. पुढचे टोक ताणून, मध्ये एखादी फळी किंवा बांबू आडवा देऊन पाण्याला बाजूने उतार करून दिला, तर काही वेळा गळतीचा प्रश्न तिथेच मिटतो आणि एक पैसाही खर्च होत नाही. हौद्याची फळी आणि केबिन यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत पेंढा, पाने, पोत्यांचे धागे अडकून ओला लगदा साचतो, तोही हात घालून काढावा. ओला लगदा काचेच्या खालच्या रबराला दिवसरात्र पाणी पाजत राहतो.

नळी, टॉर्च आणि जुने वर्तमानपत्र

आता शोध कसा घ्यावा ते पाहू. यासाठी लागते ती साधी रबरी नळी, टॉर्च, जुनी वर्तमानपत्रे, एक खडू आणि दोन माणसे. एक बाहेर, एक आत. आत बसायला मिस्त्रीच पाहिजे असे नाही. घरातले कोणीही चालेल. लहान मुलांची नजर तर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते.

दिवस कोरडा निवडावा. सीटची पाठ काढता येत असेल तर काढावी, नाहीतर पूर्ण पुढे वाकवावी. मॅट आणि नमदा बाहेर काढून उन्हात टाकावा. काचेच्या आतल्या बाजूचा सगळा भाग कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा. अस्तराचा मागचा भाग क्लिपा काढून थोडा खाली घेता आला तर फारच उत्तम, कारण मग छताचा आतला पत्रा दिसतो. काचेच्या खालच्या कडेला कोरड्या खडूची जाड रेघ ओढावी आणि तिच्याखाली वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवाव्यात. खडूवरून पाण्याचा थेंब गेला की त्याची वाट उमटते आणि कागद जिथे पहिल्यांदा भिजतो ती जागा लपत नाही.

मग बाहेरच्याने नळी सोडावी. पाणी नळातून येते तसे साधे सोडावे, नळीच्या तोंडावर अंगठा दाबून फवारा मारू नये. सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याने तर ही परीक्षा मुळीच करू नये; तो मारा चांगल्या रबरालाही उचलतो आणि नसलेली गळती दाखवतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सुरुवात खालून करावी. आधी काचेची खालची कड, पाच मिनिटे. आतून हाक आली नाही तर डावी बाजू, मग उजवी बाजू, मग वरची कड. त्यानंतर छताचा सांधा, वरचा दिवा आणि सर्वांत शेवटी कॅरिअरचे पाय. प्रत्येक ठिकाणी पाच-पाच मिनिटे धीर धरावा, कारण पाण्याला आतून वाट काढत यायला वेळ लागतो. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच जागांवरून खाली वाहते, आणि मग आत थेंब आला तरी तो कुठल्या जागेचा हे ब्रह्मांड कोसळले तरी कळत नाही. खालून वर जाताना जिथे आतून आवाज येतो, "पप्पा, आलं! उजव्या कोपऱ्यात!", तिथेच नळी थांबवावी, बाहेर खडूने खूण करावी आणि ती जागा पुसून, वाळवून पुन्हा एकदा तपासावी. एकच गळती असते असेही नाही. पहिली सापडली म्हणून नळी गुंडाळू नये, वरपर्यंत जावे.

ज्या गाडीत ब्लोअर आहे तिच्यासाठी दुसरी एक युक्ती आहे. सगळी दारे-काचा बंद करून, बाहेरची हवा आत घेणाऱ्या खटक्यावर ब्लोअर पूर्ण जोरात लावावा आणि काचेच्या रबरावर बाहेरून साबणाचे पाणी ब्रशने लावावे. जिथे फट आहे तिथे बुडबुडे फुगतात. पंक्चरवाला ट्यूब तपासतो त्यातलाच हा प्रकार.

सरकत्या काचेची गोष्ट वेगळी

मागची काच सरकती असेल तर तिचा स्वभाव आधी समजून घ्यावा लागतो. बॉडीवाल्याकडून बांधून घेतलेल्या कॅबिनला पुष्कळदा ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये सरकणाऱ्या दोन काचा असतात. कंपनीच्या सरकत्या काचेची रचनाही मुळात तशीच असते. खाली एक खाच, तिच्यात मखमलीसारखी लव असलेली पट्टी, आणि त्या पट्टीतून सरकणारी काच. ही लव वारा आणि धूळ अडवते, काच खडखडू देत नाही. पण ती पाणी पूर्ण अडवत नाही, आणि बनवणाऱ्यानेही तशी अपेक्षा ठेवलेली नाही. थोडे पाणी खालच्या खाचेत उतरणारच हे धरून खाचेच्या तळाला बाहेरच्या बाजूने उघडणारी बारीक भोके ठेवलेली असतात. खाचेत आलेले पाणी या भोकांतून बाहेर पडते. घराच्या ॲल्युमिनियम खिडकीच्या चौकटीला बाहेरून खाली जी आडवी चिरटी दिसतात ती याचसाठी.

आता सिलिकॉन फासल्यावर पाणी जास्त का येते ते सांगतो. धूळ, लव, वाळकी पाने यांनी ही भोके आधीच अर्धी बुजलेली असतात. त्यावर आपण बाहेरून चारी बाजूंनी ट्यूब फासतो आणि उरलेली भोकेही बंद करून टाकतो! वरून पाणी येतच राहते, कारण सरकत्या भागाला सील करता येत नाही; बाहेर जायची वाट मात्र राहिलेली नाही. खाच भरते आणि आतल्या बाजूची कड बुटकी असली की सगळे पाणी सीटवर सांडते.

तेव्हा सरकती काच गळत असेल तर पहिले काम साफसफाईचे. काच एका बाजूला सरकवून खाचेतली माती जुन्या टूथब्रशने आणि ओल्या फडक्याने काढावी. भोके सायकलच्या स्पोकने किंवा बारीक तारेने हलकेच मोकळी करावीत. कोणी आधी सिलिकॉन भरले असेल तर ते पात्याने कापून काढावे. मग खाचेत कपभर पाणी ओतून बाहेर जाऊन पाहावे. पाणी धार धरून बाहेर पडले आणि काही क्षणांत खाच रिकामी झाली तर भोके चालू झाली. गाडी उतारावर उभी असेल तर एकाच टोकाचे भोक काम करते, म्हणून दोन्ही टोके तपासावीत. अनेक गाड्यांची गळती एवढ्यावरच थांबते.

थांबली नाही तर दोन गोष्टी पाहाव्यात. एक, दोन काचा जिथे एकमेकींवर येतात तिथली उभी पट्टी. कागदाची एक चिठ्ठी तिच्यात धरून काच बंद करावी आणि चिठ्ठी ओढावी. ती सहज निघून आली तर पट्टी झिजली आहे किंवा कडी काचेला नीट दाबत नाही. लव असलेली पट्टी ॲल्युमिनियम खिडकीचे सामान विकणाऱ्याकडेही मापाने मिळते, जुनी बरोबर नेऊन जाडी जुळवून घ्यावी. दुसरी गोष्ट म्हणजे चौकटीचे कोपरे. चौकट तुकडे जोडून केलेली असते आणि खड्ड्यांतल्या हादऱ्यांनी खालचे जोड उघडतात. खाचेतले पाणी बाहेरच्या भोकातून न जाता कोपऱ्यातून सरळ भिंतीत उतरते. हा जोड मात्र सील करायचाच असतो. खाच कोरडी करून आतून, फक्त सांध्यावर, भोकांना हात न लावता.

सरकत्या काचेबद्दल आणखी एक सूचना. गरमी होते म्हणून गाडी चालताना फक्त मागची काच उघडी ठेवू नये. धावत्या गाडीमागे हवेचा भोवरा तयार होतो आणि आपल्याच सायलेन्सरचा धूर त्या वाटेने केबिनमध्ये खेचला जाऊ शकतो.

बंद काच आणि तिचे रबर

न सरकणारी काच दोन प्रकारे बसवलेली असते. काचेभोवती जाड काळे रबर दिसत असेल तर ती रबर-चॅनेलवर बसलेली आहे. रबराला दोन खाचा असतात, एकीत काच बसते आणि दुसरीत केबिनच्या पत्र्याची उभी कड. रबर नसेल आणि काच थेट पत्र्याला चिकटलेली असेल, तर ती पीयू म्हणजे पॉलियुरेथेनच्या चिकटद्रव्याने बसवलेली आहे. असली चिकटवलेली काच घरी काढायच्या फंदात पडू नये. ती तारेने कापून काढावी लागते, दोन्ही बाजूंना प्रायमर लागतो, आणि हे काम काचवाल्याचेच आहे. तो चिकटद्रव्य सुकायला जेवढा वेळ सांगेल तेवढा वेळ गाडी हलवू नये, भाडे कितीही चांगले असले तरी.

रबरवाल्या काचेचे काम मात्र हाताची सवय असलेला माणूस करू शकतो. रबर मऊ असेल, चिरलेले नसेल आणि गळती एखाद्याच जागी असेल तर काच काढायची गरज नाही. बांबूची चपटी केलेली काडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी घेऊन रबराचा ओठ उचलावा. स्क्रू-ड्रायव्हर वापरू नये, तो रबर फाडतो, रंग खरवडतो आणि काचेच्या कडेला लागला तर प्रकरण अंगाशी येते. मागची काच बहुधा टफन असते. तिच्या मध्यभागी हात मारला तरी ती सोसते, पण कडेला लोखंडाचा टोला बसला की क्षणात सगळी काच खडीसाखरेसारखी खाली येते. म्हणून चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय कामाला बसू नये.

ओठाखालची माती साबणाच्या पाण्याने धुवावी. रॉकेल, डिझेल, जळके ऑइल रबराला लावू नये. तेलाने रबर दोन दिवस चमकते, मग फुगते, ढिले पडते आणि खाच सोडते. सगळे पूर्ण वाळल्यावर काचेसाठी म्हणून मिळणारा, न कडकणारा सीलंट नोझलने ओठाखाली भरावा. रबर आणि पत्रा यांच्यामध्ये, तसेच रबर आणि काच यांच्यामध्ये, खुणेच्या दोन्ही बाजूंना वीतभर पुढेपर्यंत. मग ओठ खाली दाबून बाहेर आलेला सीलंट पुसून घ्यावा. चांगल्या कामात बाहेरून काहीच दिसत नाही. बाहेरून जाड पांढरा थर दिसतो ते काम आत पोचलेलेच नसते.

कुठला सीलंट, हेही महत्त्वाचे. बाथरूमच्या टाइल्सना वापरतात ते स्वस्त सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास देते. तो ॲसिटिक ॲसिडचा वास असतो आणि उघड्या लोखंडाला ते गंजवते. शिवाय सिलिकॉन एकदा लागले की त्या जागेवर पुढे रंगही धरत नाही आणि दुसरा सीलंटही धरत नाही. दुकानदाराकडे न्यूट्रल सिलिकॉन, पीयू सीलंट किंवा काचेचा ब्यूटाइल सीलंट असे नाव घेऊन मागावे. एम-सील नळाच्या सांध्याला उत्तम, पण काचेचे रबर रस्त्यावर सतत हलते आणि दगडासारखे कडक झालेले एम-सील त्याबरोबर हलत नाही, तडकते. डांबर फासणारेही भेटतात. त्यांच्याविषयी न बोललेले बरे.

रबर कडक होऊन कोपऱ्यात आखडले असेल, बोटाने दाबल्यावर चिरा उघडत असतील, तर ते बदलण्याला पर्याय नाही, आणि त्यासाठी काच काढावी लागते. काच काढल्यावर जे दिसते ते बघायला मालकाने स्वतः हजर राहावे असा आमचा आग्रह आहे. रबराच्या आत पत्र्याची कड असते, आणि गळती जुनी असेल तर ती कड गंजून करवतीसारखी झालेली असते. अशा कडेवर नवे रबर बसत नाही, बसवले तरी पाणी धरत नाही. काही जण घाईत वरून लांबी भरून रंग मारून देतात. लांबीखाली गंज चालूच राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात फुगून बाहेर येतो. सगळा गंज पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढला पाहिजे, त्यावर रेड ऑक्साइडचा हात, तो वाळल्यावर रंगाचे दोन हात, आणि ते पूर्ण सुकल्यावरच रबर. पत्र्याला भोके पडली असतील तर डेंटरकडून तुकडा वेल्ड करून घ्यावा. यात गाडीचा एखादा दिवस जास्त जातो. पण "संध्याकाळी नेतो, लवकर करा" असे म्हणून आपणच मिस्त्रीला घाई करतो आणि नंतर त्यालाच बोल लावतो, हेही खरे आहे.

काच परत बसवण्याची जुनी पद्धत दोरीची. रबर आधी काचेवर चढवतात. पत्रा ज्या खाचेत जायचा तिच्यात चार-पाच मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी सगळीकडून घालतात आणि तिची दोन टोके खालच्या बाजूला मध्यावर एकमेकांवरून घेऊन आत सोडतात. खाचेला साबणाचे पाणी लावतात. बाहेरचा माणूस काच जागेवर धरून तळव्याने दाबतो, आतला दोरीचे टोक हळूहळू ओढतो. दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर उलटत जातो आणि काच जागेवर बसते. काही रबरांना बाहेरून एक वेगळी बारीक पट्टी खाचेत भरायची असते. तिच्यामुळे रबर काचेवर आवळले जाते. ती पट्टी "नसली तरी चालते" असे कोणी म्हणाले तर मानू नये.

काच फुटलेली असेल आणि नवी घ्यायची असेल तर स्वस्तात साधी काच कापून बसवून घेऊ नये. साध्या काचेचे फुटल्यावर सुरीसारखे तुकडे होतात आणि मागच्या काचेपाशी ड्रायव्हरची मान असते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे गाडीला सेफ्टी ग्लास लागते. अशा काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याची आणि आयएस २५५३ या मानकाची खूण असते, ती बघून घ्यावी. टफन काच नंतर कापता येत नाही, म्हणून माप आधी नीट द्यावे. विम्याबद्दल सांगायचे तर अपघाताने काच फुटली आणि विमा नुसता थर्ड पार्टी नसेल तर भरपाई मागता येते. गंज आणि रबर झिजणे मात्र विम्यात येत नाही.

पाणी आत येऊन गेले असेल तर

गळती बंद झाली तरी आत मुरलेली ओल आपोआप जात नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवावी आणि तळाजवळचे वायरिंगचे जोड व फ्यूज-बॉक्स कोरडे करून मगच ती पुन्हा लावावी. नमदा बाहेर काढून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावा. कुजका वास जात नसेल तर तो टाकून नवा घालावा. तळाच्या पत्र्यावर गंजाचे फोड असतील तर ते आताच खरवडून रेड ऑक्साइड लावून घ्यावा, मॅट टाकल्यावर ते पुन्हा कोणी पाहणार नाही. तळाला रबरी बुचे असतात, ती जागेवर आणि घट्ट आहेत की नाहीत तेही पाहावे. ती निघालेली असतील तर चाकांनी उडवलेले पाणी खालून येते आणि त्याचेही खापर काचेवर फुटते.

गाडीची कागदपत्रे बहुतेकांची सीटमागे किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात असतात. आरसी, परमिट, विमा, फिटनेस, पीयूसी सगळे एका झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घालावे. २०१८ पासून डिजिलॉकर आणि एम-परिवहनमधली कागदपत्रे तपासणीत ग्राह्य धरण्याची तरतूद झाली आहे. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीने ती एकदा मोबाइलवर घालून दिली की मूळ कागद घरी कपाटात ठेवता येतात.

सीलंटला सुकायला ट्यूबवर लिहिलेला वेळ, निदान एक रात्र द्यावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच नळी, तोच क्रम, खालून वर, आणि आत टॉर्च घेऊन तेच माणूस. मॅट मात्र लगेच पसरू नये. पहिले दोन मोठे पाऊस उघड्या पत्र्यावर वर्तमानपत्र अंथरूनच गाडी चालवावी आणि रोज सकाळी सीट वाकवून कागद पाहावा. दोन्ही पावसांत कागद कोरडा निघाला की मॅट टाकायला हरकत नाही.